दानियालचं काय करायचं?

दिघीत दानियाल दोन. एक नजमुद्दीनचा मुलगा आणि दुसरा नजमुद्दीनचा ट्रक. मुलगा चौथीत असताना ट्रक दारात आला आणि बापाने मोठ्या हौसेने केबिनच्या कपाळावर लाल अक्षरांत मुलाचं नाव रंगवून घेतलं. पोरांची नावं गाड्यांना द्यायची रीत या किनाऱ्यावर सगळीकडेच आहे. पण बाकीच्या गावांत नाव काही असलं तरी गाडीला गाडी म्हणतात. दिघीकरांना तेवढा दम कुठला? दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ट्रकला सरळ दानियाल म्हणायला सुरुवात केली आणि चौथीतल्या पोराचं जिणं हराम झालं.

"दानियाल घाटात तापला." "दानियालचं तेल गळतंय." "दानियालला मागून ठोकला." वर्गात हजेरीला त्याचं नाव आलं की शेवटच्या बाकावरून धम्मदीप तोंडाने हॉर्न वाजवायचा. एकदा पावसाळ्यात ट्रक वळणावर गटारात गेला, तेव्हा तर खुद्द मास्तरांनी विचारलं, "काय रे, तुला बाहेर काढला की अजून तिथंच हायस?" पुढे दानियालला मस्कतला नोकरी लागली, तेव्हा पगारापेक्षा जास्त आनंद त्याला एकाच गोष्टीचा झाला. त्या अख्ख्या देशात त्याच्या नावाची एकही गाडी नव्हती.

नऊ वर्षं तो तिकडे होता. एका मोठ्या दुकानाच्या गोदामात माल मोजून घ्यायचं काम. गावात मात्र तो मॅनेजर होता, आणि गावाने ते कधी तपासून पाहिलं नव्हतं. दर दोन वर्षांनी यायचा, काळा चष्मा लावून जेट्टीवर फिरायचा, जन्मापासून जिच्या वासात वाढला त्या सुक्या मासळीपाशी नाकाला रुमाल लावायचा. 'हाय' आणि 'न्हाय' ही त्याने केव्हाच टाकून दिली होती. घरात पाणी मागतानासुद्धा तो 'आहे का' म्हणायचा. आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात 'आमच्या मस्कतला'ने. दिघीची माणसं सोशीक, ऐकून घ्यायची.

या वेळी तो जानेवारीत आला तो दोन महिन्यांच्या सुटीवर, असं त्याने सांगितलं. खरी गोष्ट वेगळी होती. त्याला काढलं होतं. पासपोर्टवर 'फायनल एक्झिट'चा शिक्का बसला होता. त्याचा अर्थ इतकाच, की आलात त्या वाटेने जा आणि पुन्हा येऊ नका. कायमचा परतणारा माणूस टीव्हीचा खोका, ब्लँकेटं, भात शिजवायचं भांडं असं सगळं बांधून आणतो, हे दिघीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून दानियालने हुशारी केली. सगळं तिथेच वाटून टाकलं आणि सुटीवर येणाऱ्यासारखा दोनच बॅगा घेऊन उतरला. खरं काय ते फक्त बायकोला, हफ्साला सांगितलं आणि कुणाला बोलणार नाहीस अशी तिच्याकडून कसम घेतली. हफ्सा म्हणाली, "मी कशाला बोलू? मला काय कुणाला सांगायची गरज पडनार हाय?" तिच्या बोलण्यात काहीतरी होतं, पण दानियालला स्वतःच्या हुशारीपुढे दुसऱ्याचं बोलणं कमीच ऐकू यायचं.

आता सुटी संपत आली होती. पन्नास दिवस झाले होते. दहा दिवसांनी एक तर बॅगा भरून कुठेतरी निघायला हवं होतं, नाही तर बापापुढे तोंड उघडायला हवं होतं. बापापुढे तोंड उघडण्याच्या नुसत्या विचाराने त्याला रात्रीचं जेवण जात नव्हतं. नऊ वर्षं ज्या बापाला फोनवरून अक्कल शिकवली, त्याला मला काढलं हे कुठल्या तोंडाने सांगायचं? अशा वेळी दुसरा दानियाल धावून आला.

ट्रक वाहायचा बर्फ आणि मासळी. बर्फ वितळायचा, मासळीचं पाणी सुटायचं, त्यात रोज फेरीबोटीतून आगरदांड्याला जा-ये आणि खाडीचा खारा वारा. बावीस वर्षांत ह्या मिठाने गाडी खालून खात आणली होती. दरवाजांच्या खालच्या कडा बोट लावलं तर गळून पडत. ड्रायव्हरच्या पायाखाली पत्र्याला ताटाएवढं भोक पडलं होतं. त्यावर नजमुद्दीनने जुन्या कॅरम बोर्डाचा तुकडा टाकला होता. तुकडा सरकला की खालून पळणारा रस्ता दिसायचा. "बराच हाय," नजमुद्दीन म्हणायचा, "स्पीड कळतो." पण स्पीडचा काटा मोडका असल्याचं कारण पेणच्या आरटीओतल्या पासिंगला चालणार नव्हतं आणि पासिंगची तारीख जवळ आली होती. सडलेला पत्रा कापून नवा जोडायचा, की गाडीच भंगारात देऊन नवी आणायची, हे ठरवणं भाग होतं.

दानियालला यात आपली सुटका दिसली. नवी गाडी आली, की तिची ती बटणं, ते सेन्सर, ती वहीएवढ्या जाडीची माहिती-पुस्तिका. अब्बांना ते काय जमणार? मग गावाला सांगता येईल, 'अब्बांचं वय झालं, नवी गाडी त्यांच्या आवाक्यातली नाही, म्हणून मस्कतची एवढी चांगली नोकरी सोडली.' म्हणजे नोकरी जाऊन वर त्यागी मुलगा म्हणवून घ्यायची सोय. पण जुनीच गाडी ठाकठीक झाली, तर नजमुद्दीन पुन्हा पहाटे उठून तीच चालवणार होता, मुलाची त्याला काही गरज पडणार नव्हती, आणि मुलाला तोंड उघडावं लागणार होतं. म्हणून गाडी सडलेली ठरणं दानियालला फार म्हणजे फारच गरजेचं होतं. त्या दिवसापासून तो आपल्याच नावाच्या ट्रकाच्या जिवावर उठला.

नजमुद्दीनची एक खोड होती. कुठलीही गोष्ट ठरवायच्या आधी तो दिसेल त्याला विचारायचा, आणि सगळ्यांचं ऐकून झालं की आपल्या मनातलंच करायचा. गेले पन्नास दिवस तो सगळीकडे हेच विचारत सुटला होता. बर्फाच्या कारखान्यात, मशिदीच्या पायरीवर, फेरीबोटीत, जो भेटेल त्याला. "बोल बाबा, दानियालचं काय करायचं?"

जेट्टीवर शिवदासची चहाची टपरी. दानियाल रोज सकाळी तिथे जाऊन आपल्या बाजूने मतं गोळा करायचा. त्या दिवशी फेरीची तिकिटं फाडणारा प्रीतमही चहा घेत बसला होता.

"काय, दानियालचा काय ठरला?" शिवदासने विचारलं आणि प्रीतमकडे पाहिलं.

"मी म्हणतो, अजून धा वर्सं कामाचा हाय," प्रीतम म्हणाला. "निस्ता वरचा रंग खरवडायला पायजे. लई थर चढलेत."

"रंग खरवडलात तर खाली काही उरणार नाही," दानियाल ऐटीत म्हणाला. "सगळा डोलारा रंगावरच उभा आहे."

यावर प्रीतम इतका हसला की चहा त्याच्या नाकातून आला. शिवदासने किटली खाली ठेवली आणि टपरीच्या खांबाला धरून हसला. दानियालला बरं वाटलं. आपण विनोद करतो आणि माणसं एवढी हसतात, हा अनुभव त्याला मस्कतमध्ये कधी आला नव्हता.

"मंग तुझ्या मतानं भंगारात?" शिवदासने डोळे पुसत विचारलं.

"सरळ. आमच्या मस्कतला गंजलेली वस्तू कुणी दारात ठेवत नाही. काम संपलं, बाहेर काढली, दुसरी आणली."

"व्हय," शिवदास म्हणाला, "ऐकलंय आम्ही तसा."

आणखी एक गोष्ट दानियालच्या लक्षात आली होती आणि तिचा त्याला आनंदच झाला होता. दर सुटीत परतायची वेळ जवळ आली की घरात रांग लागायची. तिकडे आमच्या झियानला एवढी सुकी कोळंबी ने, हिच्या नवऱ्याला एवढं लोणचं ने, ह्याची गुडघ्याची गोळी तिकडे मिळत नाही तेवढी ने. त्याच्या बॅगेत त्याचे स्वतःचे कपडे मावायचे नाहीत. या वेळी पन्नास दिवसांत एका घरातून एक पुडी आली नव्हती. माणसं शहाणी झाली, दुसऱ्याच्या ओझ्याचा विचार करायला लागली, असं त्याने हफ्साला सांगितलं. हफ्सा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग कपडे वाळत घालायला निघून गेली.

दुपारी जेवताना त्याने घरातही विषय काढला. आई, महेरुन्निसा, पाटावर बसून मांदेली साफ करत होती.

"अम्मी, तू तरी अब्बांना सांग. केबिनचा पत्रा बदलतील, उद्या दरवाजे जातील, परवा हौदा. किती ठिगळं लावणार? आमच्या मस्कतला पाच वर्षं झाली की गाडी बदलतात."

"आनि मान्सं?" महेरुन्निसाने मान वर न करता विचारलं.

"माणसं काय?"

"तिकडं मान्सं किती वर्सांनी बदलतात, ते विचारते."

दानियालचा घास हातात राहिला. मग त्याला वाटलं, आई आपली सहज बोलली. तो हसून म्हणाला, "माणसांचं वेगळं असतं, अम्मी."

"असंल बाबा," ती म्हणाली. "मला काय कळतंय? मी कुठं गेले?" आणि तिने मांदेलीचं डोकं जरा जास्तच जोरात मोडलं.

गावाची मतं निम्मी-निम्मी झाली होती. आता निकाल धम्मदीपवर होता. हा तोच मागच्या बाकावरचा हॉर्न. आता त्याचं म्हसळ्याला गॅरेज होतं. इंजिनला तो हात लावत नसे. त्याचं काम पत्र्याचं. ठोकायचं, कापायचं, जोडायचं, वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासून असा रंग द्यायचा की जोड सापडायचा नाही. किनाऱ्यावरच्या निम्म्या गाड्या त्याच्या हाताखालून गेलेल्या. नजमुद्दीन सगळ्यांना विचारायचा, पण ऐकायचा फक्त धम्मदीपचं, कारण धम्मदीप कामासाठी खोटं सांगत नसे. ही त्याची ख्याती दानियालच्या चांगलीच अडचणीची होती.

म्हणून ट्रक दाखवायला न्यायच्या आदल्या दिवशी दानियाल एकटाच म्हसळ्याला गेला. मस्कतच्या अत्तराची एक बाटली सोबत घेतली. धम्मदीपने बाटली हुंगली आणि फळीवर थिनरच्या डब्याशेजारी ठेवून दिली.

"गाडी मी बघितलीय," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात चाचा घेऊन आलेले. मी खाली झोपून हातोडीच्या दांड्यानं सगळीकडं वाजवून बघितली. केबिनचा खालचा पत्रा गेला, दोन्ही दरवाजे कमरेपासून खाली गेले. पन खालचा सांगाडा, चॅसी, टणटण वाजते. चॅसी बरी तर गाडी बरी. पंधरा दिवसांचं काम."

"ते अब्बांना सांगितलंस?"

"अजून न्हाय. ते म्हणाले, घाई न्हाय, आधी सगळ्यांना विचारतो."

दानियाल स्टुलावर पुढे सरकला. "धम्या, माझं एक काम कर. चॅसीचं बोलूच नको. म्हणायचं, वरून रंग आहे, आतून पोकळ आहे. एवढंच."

"का?"

"अब्बांना आता आराम हवा. नवी गाडी घेतली तर मी थांबायचा विचार करीन. माझी तिकडची नोकरी सोडून."

धम्मदीपने हातातली पॉलिश पेपरची घडी उलगडली, पुन्हा घातली. त्याला हसू आवरत नव्हतं की राग, हे दानियालला कळलं नाही.

"तुझी तिकडची नोकरी सोडून," तो म्हणाला.

"हो. बापासाठी करावं लागतं माणसाला."

"पत्र्याचं खोटं मी बोलत न्हाय, तुला म्हायतेय. पन वरून रंग, आतून पोकळ, हे काय खोटं न्हाय. तेवढं सांगीन चाचांना."

दानियाल खूश होऊन परतला. येताना त्याने एसटीत खिडकीची जागा मिळवली आणि नव्या गाडीचा रंगसुद्धा ठरवून टाकला. पांढरा. नाव मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी नजमुद्दीन पहाटेच ट्रक घेऊन गेला. दानियालने उठून, आंघोळ करून, अत्तर लावून साडेनऊची एसटी धरली. तो गॅरेजवर पोहोचला तेव्हा ट्रक पुढे कुठे दिसत नव्हता. मागच्या शेडमध्ये उभा केला असणार. पुढच्या बाकावर नजमुद्दीन आणि धम्मदीप चहा घेत बसले होते. नजमुद्दीनची पाठ रस्त्याकडे होती. मागे कुठेतरी ग्राइंडर चालू होता आणि मधूनच थांबत होता. तो थांबला तेवढ्यात दानियालला बापाचा आवाज ऐकू आला.

"...सगळ्यांचं ऐकला. कोन म्हणतो ठेव, कोन म्हणतो सोड. तू सांग. दानियालचं काय करायचं?"

"चाचा, खरं सांगू?" धम्मदीप म्हणाला. "वरून चकाचक. थरावर थर रंग. आतून पोकळ."

शाब्बास, धम्या. दानियाल लगबगीने पुढे आला. "मी काय सांगत होतो, अब्बा? आता तर पटलं?"

नजमुद्दीनने मागे वळून पाहिलं. धम्मदीप चटकन उठायला गेला, पण नजमुद्दीनने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला बसवलं.

"बस रे, दानियाल," तो म्हणाला. "बरं झाला आलास. तुझा पन मत सांग. एवढी वर्सं घरचा म्हणून सांभाळला. असा कसा टाकून देऊ?"

"हेच तुमचं चुकतं. यात माया आणायची नसते." दानियाल बसला नाही. उभं राहून बोलल्यावर बोलण्याला वजन येतं असं तो गोदामात शिकला होता. "आमच्या मस्कतला बघा. काम होतंय तोवर ठेवतात. होत नाही म्हटल्यावर एक दिवस ठेवत नाहीत. आणि बरोबरच आहे त्यांचं."

"बरोबर हाय?"

"शंभर टक्के! नाही तर काय, सडलेल्याला पोसत बसायचं?"

नजमुद्दीनने चहाचा ग्लास बाकावर ठेवला. "पन डागडुजी केली तर? धम्मदीप म्हणतो, खरवडून बघू. आत काय चांगला उरला असंल तर धरून ठेवू."

"आत काही उरलेलं नाही, अब्बा. मी सांगतो ना! माझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत?" दानियालला आता जोर चढला. "वरून रंग फासायचा, ऐटीत गावातून फिरायचं, आणि आत भोकंच भोकं. ही लोकांची फसवणूक आहे. असा दानियाल दारात उभा ठेवायची लाज वाटली पाहिजे. उद्या भर रस्त्यात दगा देईल आणि तुमचा जीव घेईल. एक दिवससुद्धा ठेवू नका. मी तुमच्या जागी असतो तर आजच घराबाहेर काढला असता."

मागे ग्राइंडर पुन्हा सुरू झाला. धम्मदीप जमिनीकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"गाडीचा सकाळीच ठरला," नजमुद्दीन म्हणाला. "तो आवाज येतोय तो तिचाच. केबिनचा पत्रा कापून झालाय, नवा जोडतायत. चॅसी चांगली हाय ना, मंग कशाला टाकू? ते तर मला पैल्या दिवशीच ठरवायचा होता."

दानियालला आधी कळलंच नाही. "मग आत्ता तुम्ही काय विचारत होतात?"

"तुझा विचारत होतो. ह्याला मी म्हटला, माझा पोरगा बेकार झालाय, हाताखाली घेशील काय? घेऊ नको म्हणून तूच सांगतोयस."

दानियालने धम्मदीपकडे पाहिलं. धम्मदीप म्हणाला, "मी कायपन बोललो न्हाय रे. चाचांना आधीच म्हायती होता."

"तुझं विमान उतरायच्या आधी फोन आलेला," नजमुद्दीन म्हणाला. "तिकडनं चार घरांतल्या पोरांनी चार घरांत कळवला. सगळ्या गावाला म्हायतीय. मीच सांगितला सगळ्यांना, कुनी काय विचारू नका, तो सांगंल. आज सांगंल, उद्या सांगंल. पन्नास दिवस मी गावभर विचारत फिरलो, दानियालचं काय करायचं? लोक मला उत्तर देत होते. तुला वाटला गाडीचा विचारतोय."

दानियालच्या डोळ्यांपुढून टपरी गेली, नाकातून चहा काढणारा प्रीतम गेला. त्याला इतकी लाज वाटली, की मागच्या शेडमध्ये जाऊन त्या कापलेल्या केबिनमध्ये दडून बसावं असं वाटलं.

"अब्बा, मी गाडीचं बोलत होतो," तो कसाबसा म्हणाला.

"गाडीचा नाव काय?"

"...दानियाल."

"आनि तुझा?"

समोरच्या रस्त्यावरून श्रीवर्धनची एसटी धूळ उडवत गेली. नजमुद्दीन उठला. आता बाप एक ठेवून देतो असं दानियालला वाटलं, आणि दिली असती तर बरं झालं असतं असंही वाटलं. पण नजमुद्दीन त्याच्यासमोर नुसताच उभा राहिला. साठीचा माणूस, खाऱ्या पाण्याने बोटांची कातडी सोललेली.

"तू आता बोललास ते सगळा मी ऐकून घेतला," तो म्हणाला. "बाहेर काढा म्हणालास, लाज वाटली पायजे म्हणालास. बाप हाय म्हणून ऐकला. तुझ्याबद्दल दुसरा कुनी असा बोलला असता तर त्याचा गळा धरला असता मी. आता एकदाच माझ्या तोंडाकडं बघून सांग. मंग ठरवू."

दानियालने काळा चष्मा काढला. तो कुठे ठेवावा ते त्याला सुचेना, म्हणून हातातच धरला.

"मला काढला, अब्बा," तो म्हणाला. "डिसेंबरातच काढला. पंचवीस जनांना काढला, त्यात मी. मी मॅनेजर पन न्हवतो. खोके मोजायचो. आता परत न्हाय जायचा मला. कुठंच न्हाय जायचा."

"बरं," नजमुद्दीन म्हणाला.

एवढंच. मग त्याने खिशातून फोन काढला आणि दोघांकडे पाठ करून रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. फोनचा आवाज तो नेहमी पूर्ण वाढवून ठेवायचा, त्यामुळे महेरुन्निसाचं पलीकडचं बोलणं गॅरेजमध्ये स्वच्छ ऐकू येत होतं.

"सांगितलान काय त्यानं?"

"व्हय. सांगितलान."

"स्वतःच्या तोंडानं?"

"व्हय, महेरू. माझ्यासमोर उभा राहून."

मग ती म्हणाली, "रडतोय काय?"

नजमुद्दीनने सदऱ्याच्या बाहीने नाक पुसलं.

"तो न्हाय रडत," तो म्हणाला. "तू जेवन झाकून ठेव."